‘मीठ लावलंय, मग फ्रिज कशाला?’ या सल्ल्याला उत्तर

सलामी, हॅम, बेकन आणि सॉसेज घरी कसं साठवायचं, याबद्दल एक सल्ला सगळीकडे फिरतो आहे. हे सगळं मीठ लावून टिकवलेलं मांस आहे, त्याला फ्रिज लागत नाही, स्वयंपाकघरात टांगून ठेवा, असं तो सांगतो. बुरशी आली तर खरवडा, वास येत नसेल तर खुशाल खा, जास्त दिवस ठेवायचं असेल तर हवाबंद करा किंवा तेलात बुडवा. जुन्या काळी लोक असंच करत. यात थोडं खरं आहे, आणि त्या थोड्याच्या आधारावर उरलेलं धोकादायक बोलणंही पटून जातं.

‘मीठ लावलेलं मांस बाहेर टिकतं.’ सगळ्यात मोठी गफलत इथे आहे. मांस मिठामुळे टिकतं ते मीठ पाणी बांधून ठेवतं म्हणून. जिवाणूंना वापरता येईल असं किती पाणी उरलंय, याचं माप म्हणजे वॉटर ॲक्टिव्हिटी. ताज्या मांसात ती 0.99 च्या आसपास असते. पूर्ण वाळवलेली सलामी आंबवलेली असते, त्यामुळे तिचा सामू (pH, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकी वस्तू आंबट) 5 च्या आसपास उतरतो. मग आठवडेच्या आठवडे ती वाळवली जाते, तिचं वजन जवळपास एक तृतीयांश घटतं आणि वॉटर ॲक्टिव्हिटी 0.90 च्या आसपास किंवा त्याखाली जाते. मीठ, आंबटपणा आणि कोरडेपणा असे तीन पहारे एकत्र आले की ती बाहेर टिकते.

शिजवलेलं हॅम, मोर्टाडेला (जाडजूड इटालियन शिजवलेलं सॉसेज), फ्रँकफर्टर (हॉट डॉगमधलं सॉसेज) यांत मीठ असतं साधारण 2 ते 3 टक्के. पण आंबवणं नाही, वाळवणं नाही. वॉटर ॲक्टिव्हिटी 0.97 च्या घरात. साठवणीच्या दृष्टीने हे ताज्या शिजवलेल्या मांसासारखंच आहे. बेकन तर बहुतेक वेळा कच्चंच असतं. गुलाबी रंग आणि धुराचा वास सगळ्यांना सारखाच असल्यामुळे फसगत होते. म्हणून पाकिटावर ‘थंड ठेवा’ असं लिहिलं असेल, तर तो शब्द अखेरचा माना. फ्रिज 4 अंशांवर किंवा त्याखाली हवा, आणि पाकीट दाराच्या कप्प्यात नको, कारण तिथेच तापमान सगळ्यात जास्त वरखाली होतं.

अमेरिकेच्या कृषी खात्याचं मार्गदर्शन पाहिलं तर फरक स्पष्ट दिसतो. न कापलेलं, पूर्ण वाळलेलं सॉसेज कपाटात 6 आठवडे. कापल्यावर फ्रिजमध्ये 3 आठवडे. फ्रँकफर्टरचं पाकीट फोडल्यावर फ्रिजमध्येसुद्धा 1 आठवडा. शिजवलेल्या मांसाचे काप 3 ते 5 दिवस. या सगळ्यांना ‘मीठ लावलेलं मांस’ या एकाच नावाखाली कोंबून एकच नियम लावणं चूक आहे.

‘पूर्वी फ्रिज कुठे होते?’ नव्हते, हे खरं. पण तेव्हाचं हॅम आजच्यापेक्षा कितीतरी खारट असे, शिजवण्याआधी ते पाण्यात भिजत घालावं लागे. जनावर थंडीत कापलं जाई आणि मांस थंड तळघरात लटके. आपण मीठही कमी केलं आणि थंडीही सोडून दिली, तर ती जुनी पद्धत राहतच नाही. आणि तेव्हाही माणसं दगावत होती. जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गमध्ये युस्टिनुस केर्नर या डॉक्टरने 1820 आणि 1822 साली सॉसेजमधून झालेल्या विषबाधेच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. 1895 मध्ये बेल्जियममधल्या एलझेल गावी अंत्ययात्रेला आलेल्या वादकांनी खारवलेलं कच्चं हॅम खाल्लं आणि त्यातले तिघे मरण पावले. त्याच हॅममधून जिवाणूशास्त्रज्ञ एमिल व्हॅन एर्मेंगेम यांनी बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जिवाणू वेगळा काढला. मीठ लावलेलं मांस आपोआप निर्धोक असतं, असं म्हणणाऱ्याने हा प्रसंग जरूर लक्षात घ्यावा.

‘हवाबंद करा, तेलात बुडवा.’ मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या ओळीची, कारण ती अगदी सावधपणाची वाटते. हवा काढून टाकली की बुरशी थांबते आणि चरबी लवकर खवट होत नाही, एवढं बरोबर. पण बोट्युलिझमच्या जिवाणूला हवा नकोच असते. ओलसर, कमी खारट, आंबट नसलेलं मांस हवाबंद करून किंवा तेलाखाली दाबून बाहेर ठेवणं म्हणजे त्याला हवी तशी जागा तयार करून देणं. मांस टिकवायला नायट्राइट हा क्षार घालतात तो मुख्यतः याच जिवाणूला रोखायला. पण तोही थंडीच्या सोबतीनेच काम करतो. तेलात किंवा चरबीत ठेवलेली पारंपरिक सॉसेजं टिकतात ती आधी पुरेशी वाळवलेली असतात म्हणून. व्हॅक्यूम पॅक जरूर करा, पण तो फ्रिजमध्ये ठेवण्यासाठी, फ्रिजऐवजी नव्हे.

वाळलेली अख्खी सलामी मात्र प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून बाहेर ठेवू नका, तिला घाम सुटतो. कागदात ठेवा, कापलेली बाजू तेवढी झाका.

‘बुरशी आली तर खरवडा.’ हे अर्धं खरं. सलामीच्या आवरणावरची पांढरी, पिठूळ बुरशी बऱ्याचदा मुद्दाम वाढवलेली असते. ती आवरणासकट काढून टाकता येते. वाळवलेल्या अख्ख्या हॅमवरची वरवरची बुरशीही घासून काढता येते. पण शिजवलेल्या हॅमवर, कापांवर, बेकनवर किंवा फ्रँकफर्टरवर ठिपका दिसला की सगळं टाकायचं, कारण ओल्या मांसात बुरशी खोल शिरलेली असू शकते. जुन्या वाळवलेल्या हॅमच्या कापात दिसणारे पांढरे कण किंवा हॅमच्या कापावर चमकणारी इंद्रधनुषी झाक मात्र बिघाडाची खूण नाही, त्यासाठी चांगलं मांस फेकू नका.

‘वास येत नसेल तर खा.’ वास आणि चिकटपणा देणारे जिवाणू बहुतेक वेळा वेगळे, आजारी पाडणारे वेगळे. लिस्टेरिया हा आजारी पाडणारा जिवाणू फ्रिजच्या थंडीतही हळूहळू वाढतो, 10 टक्के मीठ सहन करतो आणि मांसाचा वास, रंग, चव काहीच बदलत नाही. दक्षिण आफ्रिकेत 2017-18 मध्ये पोलोनी या शिजवलेल्या सॉसेजमधून तो पसरला, तेव्हा 1,000 हून जास्त लोक आजारी पडले आणि 200 हून जास्त दगावले. म्हणून गर्भवती, वयस्कर किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसांना असे काप द्यायचे तर वाफ निघेपर्यंत, 74 अंशांपर्यंत गरम करूनच द्यावेत.

फ्रीझरबद्दल थोडक्यात: उणे 18 अंशांवर मांस धोकादायक होत नाही, पण मिठामुळे चरबी खवट होण्याचा वेग वाढतो. बेकन महिनाभरात, हॅम आणि सॉसेज 1-2 महिन्यांत संपवलेलं बरं.

राहिला शेवटचा बचाव, ‘तळलं की सगळं मरतं.’ जिवाणू मरतात. पण स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू मिठाला भीक घालत नाही, आणि मांस उबेत राहिलं की त्यात विष तयार करतो. ते विष उकळल्यानेही नष्ट होत नाही. बेकनचं फोडलेलं पाकीट रात्रभर ओट्यावर राहिलं असेल, तर ते कितीही कुरकुरीत तळा, विष तिथेच राहतं. असं पाकीट टाकूनच द्यावं. फ्रिजमध्ये ठेवायच्या मांसासाठी बाहेर राहण्याची मर्यादा 2 तासांची, आणि खोली 32 अंशांहून गरम असेल तर 1 तासाची.