टाकी भरली

आमचा वॉचमन गणपतीला गावी गेला आणि सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून पंप माझ्या गळ्यात पडला. भांडुपला आमच्याकडे पालिकेचं पाणी पहाटे येतं. पावणेपाचला पंप चालू, पावणेसहाला बंद. एवढंच काम.

"मामा, गजर कसले लावताय? अ‍ॅप बनवतो," इति भाचा. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष. गजराला त्याने मामीचा आवाज भरला. मी दुसऱ्या कशाने उठत नाही, असं घरातलं एकमत आहे.

पहिल्या दिवशी पावणेसहाला उशीखालून हिचा आवाज: "अहो, पंप बंद करा!" करतो, पण चालू कुठे होता? भाच्याने दोन्ही गजरांना एकच नंबर दिला होता. दुसरा लावताच पहिला पुसला गेला. हे तो मला समजावत असताना तिसऱ्या मजल्यावरच्या काकू रिकामी बादली घेऊन दारात उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी काळजीने आधीच जाग आली. पंप चालू करून आडवा झालो. बंदचा गजर वाजला सव्वासहाला, तोवर वरची टाकी पाचव्या मजल्याच्या वाळत्या कपड्यांवर ओसंडत होती. म्हणे 2013 च्या अँड्रॉइड 4.4 पासून 'रोज वाजव' म्हटलेला गजर अंदाजे वाजतो. बॅटरी वाचवायला सिस्टिम चार गजर गोळा करून एकदम उरकते. त्यात चार्जरवर नसलेला, हलवला न जाणारा फोन स्वतःच गाढ झोपतो. म्हणजे आमचा प्लंबरच. "येतो साहेब, सहाच्या आसपास."

मग युक्ती निघाली. नेमक्या वेळेचा, एकदाच वाजणारा गजर लावायचा आणि वाजला की त्यानेच उद्याचा लावायचा. त्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन वेगळी परवानगी. फोन बंद करून चालू केला की गजर पुसले जातात, म्हणून ते पुन्हा लावायची वेगळी सोय. सोसायटीची जमीन नावावर करून घ्यायच्या, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सच्या, फायलीची आठवण झाली. पण पंप सुधारला.

शुक्रवारी लोकलने ऑफिसला निघालो. घाटकोपर गेलं, एक हात हँडलला, दुसरा कुणाच्या तरी बॅगेखाली आणि खिशातून ही खणखणीत: "अहो, पंप बंद करा! ऐकू येतंय का?" भाच्याने चाचणीला लावलेला 8:50 चा गजर. हात खिशापर्यंत पोचेना. दारातून आवाज आला, "काका, करा की बंद, टाकी भरली!"

चाचणीच्या गजरानेही वाजताच उद्याचा लावला होता. शनिवारी घाटकोपर सुटलं आणि चौथ्या सीटवाल्याने घड्याळ बघून सगळ्यांना गप्प केलं.

"थांबा. आता वहिनी बोलतील."