शके पुसून नुसतं सन लिहिणं मला मान्य नाही

आज सकाळी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या गल्लीत गेलो होतो. तिथून जो राग घेऊन आलो, तो अजून उतरलेला नाही. मारुतीच्या देवळाला काळ्या ग्रॅनाइटची नवी पाटी लागली आहे, सोनेरी अक्षरांत ‘स्थापना 1835’. आणि दाराच्या डाव्या अंगाचा जो मूळ दगड होता, त्यावर ऑइलपेंटचे दोन हात मारलेत. अक्षरं बुजून गेली.

त्या दगडावर काय होतं ते मला पाठ आहे. ‘शके 1757 मन्मथ नाम संवत्सरे माघ शुद्ध 5’. पुढे वार होता, पण तो झिजून गेला होता. लहानपणी आजोबा मला तिथे उभं करायचे, माझं बोट धरून खाचांमधून फिरवायचे आणि मोठ्यानं वाचायला लावायचे. ‘माघ’च्या घ मध्ये नेहमी शेंदूर साचलेला असायचा.

आता पाटीचं बघा. 1757 मध्ये 78 मिळवले, 1835 आले, विषय संपला. अहो, महिना माघ आहे! शक बदलतो गुढीपाडव्याला, इंग्रजी सन बदलतं 1 जानेवारीला. मधल्या महिन्यांना 79 मिळवावे लागतात. ही माघ शुद्ध पंचमी आली 1836 च्या जानेवारीत. मी हे पाटी बसवणाऱ्यांना सांगितलं तर उत्तर मिळालं, “एका वर्षानं काय फरक पडून राहिला जी?”

फरक पडतो. ज्यानं तो दगड कोरून घेतला त्यानं शक दिला, संवत्सराचं म्हणजे त्या वर्षाचं नाव दिलं, तिथी दिली, वार दिला. का? आकडा वाचण्यात चूक झाली तर मन्मथ नावानं ती पकडता यावी. साठ वर्षांत ते नाव एकदाच येतं. तिथी आणि वार जुळतात का हे पंचांगावरून तपासता यावं. म्हणजे पुढच्या माणसाची सगळी सोय त्यानं त्या एका ओळीत करून ठेवली होती, आणि आपण ती रंगानं बुजवली.

हे एका देवळापुरतं असतं तर इतकं लिहिलं नसतं. आपल्या नागपूरचा इतिहास किती मोजण्यांत लिहिलेला आहे याचा विचार कोणी करतं का? सीताबर्डीची लढाई 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ची. आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि टेकडीवर इंग्रज. ही तारीख आली इंग्रजांच्या कागदांतून. आपल्या मोजणीत तो शके 1739 चा कार्तिक वद्य पक्ष. मराठी दफ्तराच्या अरबी सनात ‘समान अशर मयातैन व अलफ’, म्हणजे 1218, आणि हा सन बदलतो मृगाला. महसुलाच्या फसली सनात 1227. इतवारीतल्या एखाद्या हिंदी पेढीच्या वहीत तोच दिवस विक्रम संवत 1874, अगहन वदी! कारण आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. म्हणून तर आपल्या शेजाऱ्यांचा श्रावण आपल्या पंधरा दिवस आधी लागतो, आणि आपल्या श्रावण वद्य अष्टमीला त्यांची भादो वदी अष्टमी असते. गोकुळाष्टमी एकच. नागपुरात वाढलेल्या माणसाला हे कोणी शिकवावं लागू नये. तरी कागदावर ‘अगहन वदी’ दिसलं की लोक सरळ मार्गशीर्ष वद्य धरतात आणि महिनाभर पुढे जातात.

आणि इंग्रजी तारीख म्हणजे दगडावरची रेघ असं समजणाऱ्यांसाठी. 1742 पासून भास्करपंत कोल्हटकर रघूजी भोसल्यांच्या फौजा घेऊन बंगालवर गेले. तेव्हा कलकत्त्याचे इंग्रज जुन्या म्हणजे ज्युलियन पद्धतीनं तारीख घालत होते आणि जवळच चंद्रनगरचे फ्रेंच नव्या, ग्रेगोरियन पद्धतीनं. एकाच दिवशी लिहिलेल्या दोन पत्रांत 11 दिवसांचं अंतर! शिवाय इंग्रजांचं सरकारी वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे फेब्रुवारीतल्या पत्रावर मागचं सन. हा घोळ त्यांनी 1752 मध्ये मिटवला. तोवर आपल्या तिथ्या बिनतक्रार चालू होत्या.

तारीख नको असं मी म्हणत नाही. शाळेतल्या पोरांना माघ शुद्ध पंचमी सांगून कळणार नाही, त्यांना सन लागतंच. बरं. मग लिहा ना, पण मूळ ओळीच्या खाली लिहा. ओळ मारून टाकण्याचा हक्क कोणी दिला?

दोन्ही एकत्र राहू शकतात हे या शहरानंच दाखवलंय. 14 ऑक्टोबर 1956 ला विजयादशमी होती. बाबासाहेबांनी तो दिवस सम्राट अशोकाच्या आठवणीनं निवडला होता. आज दीक्षाभूमीवर दसऱ्याला लाखोंचा समुदाय येतो, आणि 14 ऑक्टोबरलाही लोक वंदन करायला येतात. तिथीनं तारखेला धक्का दिला नाही, तारखेनं तिथीला नाही. ते पाहिलं की माझा राग जरा निवतो, खरंच.

पाटी बसवणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं, हेही लिहून ठेवतो. वर्गणी काढली, उन्हात उभं राहून काम करून घेतलं. त्यातल्या एकाच्या आजोबांचीही त्या दगडापाशी माझ्या आजोबांसोबत बैठक असायची. म्हणून तर जास्त लागलं. परक्यानं पुसलं असतं तर भांडून मोकळा झालो असतो.

देवळाच्या समितीला उद्या लेखी देतो आहे. रंग तारेच्या ब्रशनं घासू नका, दगडाची अक्षरं जातील. जाणत्या माणसाकडून हळू उतरवून घ्या. पाटीवर आधी मूळ ओळ जशीच्या तशी, झिजलेल्या वाराची जागा रिकामी ठेवून, आणि खाली ‘इ. स. 1836, जानेवारी’. आणि महाल, इतवारी, बुधवारीत ज्यांच्या वाड्यावर, विहिरीवर, देवळावर असे दगड असतील त्यांनी या आठवड्यात फोटो काढून मला पाठवा. सकाळी तिरप्या उन्हात काढा, खाचा नीट उठून दिसतात. संवत्सराचं नाव आणि वार फ्रेममध्ये आलेच पाहिजेत.