बर्फावरचा नाच म्हणे!

हिवाळी ऑलिंपिक आलं की एक मजकूर हमखास फिरतो: "फिगर स्केटिंग हा खेळच नाही, बर्फावरचा नाच आहे. गुण परीक्षकांच्या मर्जीवर आणि पदकं देशाच्या वजनावर." विधानं तीन, तिन्ही ठाम. उत्तराला एकच माणूस पुरेसा आहे: पोलंडचा 1980च्या दशकातला स्केटर ग्झेगोश फिलिपोव्स्की. (पोलिश स्पेलिंग बघून घाबरू नका, उच्चार असाच आहे.)

आधी 'नाच'. मार्च 1980 मध्ये डॉर्टमुंडच्या जागतिक स्पर्धेत हा वूच नावाच्या गिरण्यांच्या शहरातला 13 वर्षांचा पोरगा उतरला आणि त्याने ट्रिपल टो लूपला (हवेत तीन गिरक्यांची एक उडी) लागूनच दुसरा ट्रिपल टो लूप मारला. स्पर्धेतल्या पहिल्या ट्रिपल-ट्रिपलचा मान त्याच्याकडे जातो. यात अवघड काय? बहुतेक जण ही उडी उजव्या बुटाच्या पात्याच्या बाहेरच्या धारेवर, मागे सरकत असताना घेतात. डाव्या बुटाचं दातेरी टोक बर्फात रुतवायचं, सेकंदही पुरा व्हायच्या आत हवेत तीन गिरक्या घ्यायच्या आणि उतरायचं पुन्हा त्याच उजव्या धारेवर, मागेच सरकत. एरवी इथे हात पसरून हुश्श करायची सोय असते. जोडउडीत पाय टेकतो न टेकतो तोच डावं टोक पुन्हा रुतवायचं. धाव घ्यायला जागा नाही, वेग मंदावलेला, गिरक्या मात्र तेवढ्याच. पहिली उडी जराशी कलती उतरली की दुसरी गेलीच. याला नाच म्हणायचं तर खुशाल म्हणा.

आता 'मर्जी'. त्या काळी एकेरीत 30 टक्के वजन सक्तीच्या आकृत्यांना होतं. संगीत नाही, चमचमते कपडे नाहीत. खेळाडू बर्फावर आठाच्या घाटाची वर्तुळं कोरायचा, त्याच रेघेवरून पुन्हा पुन्हा जायचा. तो बाजूला झाला की परीक्षक स्वतः बर्फावर येऊन वाकून रेघ तपासायचे: वर्तुळ चेपलंय का, धार कुठे बदलली, दुसरी रेघ पहिलीपासून किती सरकली. मर्जीपेक्षा हे मोजणीदाराच्या कामाशी जास्त जुळतं. शिवाय 6.0 पैकी मिळणाऱ्या गुणांची सरळ बेरीज होत नसे. प्रत्येक परीक्षकाने लावलेला क्रम धरत आणि नऊ जणांचं बहुमत बघत. एकट्याच्या लहरीने निकाल फिरत नसे, त्याला पाच जण लागत.

पाच जण कधीच जमले नाहीत, असं मी म्हणणार नाही. 2002 ला सॉल्ट लेक सिटीत जोड्यांचा निकाल 5-4 ने रशियाकडे गेला, आणि त्या पाचांत एक परीक्षक पोलंडचाच होता. फ्रेंच परीक्षकावर दबाव आल्याचं प्रकरण उघड झालं, कॅनडाच्या जोडीलाही सुवर्ण द्यावं लागलं आणि पुढे 6.0 ची पद्धतच मोडीत निघाली. त्या रात्रीपुरता मजकूरवाला बरोबर आहे.

राहिलं 'देशाचं वजन'. 1988 ला कॅलगरीत फिलिपोव्स्की पाचवा आला. पुढचे चौघे: अमेरिकेचा बॉयटानो, कॅनडाचा ऑर्सर, सोव्हिएत संघाचे पेट्रेंको आणि फादेयेव. इथे मजकूरवाला टाळी मागेल. पण थांबा. जानेवारी 1989 मध्ये बर्मिंगहॅमच्या युरोपियन स्पर्धेत फादेयेवच्या मागे त्याला रौप्य मिळालं. मार्चमध्ये पॅरिसला जागतिक स्पर्धा झाली. सुवर्ण कॅनडाच्या कर्ट ब्राउनिंगला, रौप्य अमेरिकेच्या ख्रिस्तोफर बोमनला, कांस्य फिलिपोव्स्कीला. सोव्हिएत खेळाडू व्यासपीठावर एकही नाही! सोव्हिएत गटातल्या देशांनी एकमेकांना तारलं म्हणावं, तर गटाचा दादा मॉस्को होता, वॉर्सा नव्हे. वॉर्सात तर त्याच आठवड्यांत कम्युनिस्ट सरकार आणि सॉलिडॅरिटी ही विरोधी कामगार संघटना गोलमेजाभोवती बसून देश पुढे चालवायचा कसा, याचा घोळ निस्तरत होते. एकेरीत पोलंडला जागतिक पदक त्याआधी कधी मिळालं नव्हतं, आणि दुसरं अजून आलेलं नाही.