न विचारता आलेल्या अपडेटने माझी कागदपत्रे गाडली

मी तालुक्याच्या गावी वकिली करतो आणि गेल्या अठरा वर्षांतले दावे, कैफियती, खरेदीखते, फेरफार, निकाल अशा साधारण १४,००० फाइली माझ्या संगणकावर आहेत. त्यांतला नेमका कागद सापडावा म्हणून मी पैसे मोजून एक शोधप्रोग्राम घेतला आणि त्याची वार्षिक वर्गणी आजवर एकदाही चुकवली नाही. त्याच प्रोग्रामने गेल्या आठवड्यात एका रात्री मला न विचारता स्वतःला अपडेट केले आणि माझे अख्खे दप्तर मातीत घातले.

बुधवारी अकरा वाजता तहसीलदारांपुढे मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खालच्या एका रस्त्याच्या प्रकरणात सुनावणी होती आणि याच मुद्द्यावर आधी मिळालेला एक आदेश मला सोबत न्यायचा होता. मी ‘वहिवाट’ हा शब्द टाकला. एरवी या शब्दाला तीस-चाळीस फाइली येतात. त्या दिवशी जवळजवळ सगळ्याच आल्या. पहिली फाइल उघडली तर ती एका भाडेकराराची होती आणि तिच्यात ‘वाडा’, ‘विहीर’, ‘वाटणी’ या शब्दांतला नुसता ‘व’ पिवळा केलेला होता. शेजारी अशील बसलेले, वय सत्तरच्या पुढे, आणि मी त्यांच्यादेखत एकामागून एक फाइल उघडून बंद करत होतो. आदेश मिळाला नाही. पुढची तारीख घ्यावी लागली आणि त्यांची एसटीची फेरी फुकट गेली.

हे कशामुळे झाले ते मी रात्री बसून शोधून काढले, आणि कळल्यावर संताप दुप्पट झाला. असा प्रोग्राम प्रत्येक फाइलमधले शब्द सुटे करून, पुस्तकाच्या शेवटी सूची असते तशी सूची आधीच बनवून ठेवतो, म्हणून उत्तर क्षणात येते. शब्द कुठे संपतो हे ठरवायचा नियम चुकला की सूचीच निकामी होते. युनिकोडमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या लिप्या संगणकात साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, आपली मात्रा, वेलांटी, उकार आणि हलन्ताचे चिन्ह यांना ‘अक्षर’ या वर्गात धरलेले नाही, ‘चिन्ह’ या वर्गात धरले आहे. नव्या आवृत्तीत शब्दात फक्त अक्षरे आणि अंक घ्यायचे, बाकी सगळे तोडायचे, असा नियम बसवलेला दिसतो. त्यामुळे ‘वहिवाट’चे ‘वह’, ‘व’ आणि ‘ट’ झाले. ‘खरेदीखत’चे ‘खर’, ‘द’ आणि ‘खत’ झाले. इंग्रजी कागद व्यवस्थित सापडतात, म्हणजे हे अपडेट पाठवण्यापूर्वी देवनागरीतला एक शब्दसुद्धा कोणी टाकून पाहिला नाही. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे. एवढ्या वर्षांनंतरही आमच्या लिपीची एक ओळ तपासावीशी वाटत नसेल, तर आमच्याकडून पैसे कोणत्या तोंडाने घेता?

आणि हे सगळे आधी चालत होते, हे विसरता येत नाही. माझे जुने निकाल युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये होते; ते शोधता यावेत म्हणून मी आणि माझ्या कारकुनाने दोन वर्षे रोज संध्याकाळी बसून ते बदलून घेतले. ‘शेतकऱ्याचा’ या शब्दातला ‘ऱ्य’ संगणकात दोन प्रकारे साठवला जातो, म्हणून जुन्या आवृत्तीतही मला तो शब्द दोनदा शोधावा लागे. तीही कटकट मी निमूटपणे सोसली, कारण बाकीचे काम चोख होत होते.

अपडेटसोबतच्या टिपेत काय लिहिले होते, तर ‘कार्यक्षमता सुधारली, किरकोळ दोष दूर केले’. सूची मुळापासून नव्याने बांधली जाणार आहे, तिचा साचा बदलला आहे, जुनी आवृत्ती परत घातली तर तिला ही सूची वाचता येणार नाही, यातले एक अक्षर नाही. अवतरणचिन्हांत अख्खे वाक्य शोधायची सोय होती, ती आता महागड्या योजनेत नेऊन ठेवली आहे. तिच्या जागी उजवीकडे गप्पा मारणारी एक चौकट आली आहे, जी मी मागितली नव्हती आणि जी बंद केली तरी पुढच्या वेळी पुन्हा उघडते. अशिलांचे गोपनीय कागद ज्या संगणकावर आहेत, तिथे ही चौकट काय वाचते आणि कुठे पाठवते, हे सांगण्याची तसदीही कोणी घेतलेली नाही.

तक्रार केली, तर उत्तर आले की सूची पुसून पुन्हा बांधा. बांधली. अडीच दिवस संगणकाचा पंखा घोंघावत होता, दुसरे काहीही उघडायला मिनिटे लागत होती, आणि शेवटी ‘वहिवाट’ टाकल्यावर पुन्हा तोच पिवळा ‘व’.

माझ्या कनिष्ठ सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर जुनी आवृत्ती अजून शाबूत आहे. त्याचे इंटरनेट आम्ही तोडून ठेवले आहे, पेन ड्राइव्हवरून सगळ्या फाइली त्यात घातल्या आहेत, आणि तो आदेश काल तिथे पहिल्याच शोधात सापडला.