‘असर’चे आकडे घ्या, पण सगळे घ्या

‘असर’चा, म्हणजे ‘प्रथम’ संस्था खेड्यांतल्या मुलांचं वाचन-गणित घरोघर जाऊन तपासते त्या पाहणीचा अहवाल आला की एक दावा मोबाइलवर हमखास फिरायला लागतो. सरकारी शाळेतल्या पाचवीच्या निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नाही, खासगीतली मुलं पुढे आहेत, आपला जिल्हा तर शेजारच्याच्याही मागे. तेव्हा झेडपीच्या शाळा बंद करा आणि तो पैसा पालकांच्या हातात द्या.

पहिला आकडा खरा आहे. २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत पाचवीची ४४.८ टक्केच मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. ही नामुष्कीच आहे, पांघरूण कशाला घालायचं? पण त्याच तक्त्यात खासगीचा आकडा ५९.३ आहे. म्हणजे पदरची फी भरूनही दहातल्या चार पोरांची तीच गत. २०१८ मध्ये खासगी ६५.१ वर होत्या, सरकारी ४४.२ वर. कोविडनंतर दोन्ही घसरल्या. सरकारी शाळा होत्या तिथवर परत आल्या, खासगी अजून आलेल्या नाहीत. फॉरवर्ड करताना हा रकाना नेमका कसा गळतो कोण जाणे.

उरलेली तफावत तरी शाळेचीच कमाई आहे का? फी परवडणारं घर, शिकलेली आई, संध्याकाळची शिकवणी हे सगळं मुलाबरोबर शाळेत येतं. आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थतज्ज्ञांनी हे तपासलं. खेड्यांत सोडत काढून काही मुलांना खासगी शाळेचा खर्च दिला. चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात दोन्हीकडची मुलं सारखीच निघाली. हिंदीत खासगीवाली पुढे होती, कारण तिथे ती शिकवली जात होती. आता दावेदारांच्या बाजूचा मुद्दाही सांगतो: खासगी शाळांनी हे दर मुलामागे एक तृतीयांशाहून कमी खर्चात केलं. याचं उत्तर सरकारला द्यावंच लागेल. (स्वस्तात कसं जमतं, ते खासगीतल्या एखाद्या सरांना पगार विचारून बघा.)

जिल्ह्याजिल्ह्यांची शर्यत तर सोडूनच द्या. ‘असर’ जिल्ह्यात ३० गावं आणि प्रत्येक गावात २० घरं घेतं. ६०० घरांत ३ ते १६ वयाची मिळून हजारेक मुलं सापडतात. एका इयत्तेच्या वाट्याला सत्तर-ऐंशी. त्यातही सरकारी-खासगी वाटणी केली, तर दोन-तीन टक्क्यांचा फरक म्हणजे एखाद-दुसरं पोर.

तालुक्यातल्या शाळा शेजारी मांडल्या की आणखीच गोंधळ. वस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेत चौथीचा पट पाच. त्यातलं एक पोर दिवाळीच्या आसपास आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलं आणि शिमग्यानंतर परतलं. ते वाचनात अडखळलं की वर्गाचा निकाल थेट ८० टक्के. यात गुरुजी किती आणि कोयता किती, हे टक्क्यातून कळत नाही.

दहावीच्या निकालावरून झेडपीला झोडपणाऱ्यांसाठी एवढंच, की झेडपीच्या बहुतेक शाळा फार तर सातवी-आठवीपर्यंतच असतात. पुढची हायस्कुलं बहुतांशी संस्थांची, म्हणजे कागदोपत्री खासगी. त्यातल्या अनुदानित शाळांतल्या शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरीतून. मग ‘रयत’ शिक्षण संस्थेचं अनुदानित हायस्कूल कोणत्या बाजूला धरायचं?

राहिला पैसे हातात देण्याचा उपाय. जिथे चौथीचा पट पाच आहे, त्या वस्तीवर कोणता संस्थाचालक शाळा काढायला येणार, तेवढं नाव मेसेजमध्ये टाका.