चालक नसलेल्या मेट्रोची भीती: कुठे चुकीची, कुठे रास्त

‘केबिनमध्ये माणूस नाही, म्हणजे हजारो प्रवाशांचा जीव कॉम्प्युटरच्या भरवशावर. तो हँग झाला की गाडी सुसाट सुटणार. पावसात सेन्सर आंधळे होणार. दिल्लीत अपघात झालाच आहे आणि अमेरिकेत असल्या गाड्या बंद कराव्या लागल्या.’ मेट्रोचा विषय निघाला की या आशयाचा मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्यामागची काळजी खरी आहे, पण माहिती चुकीची आहे, आणि त्यामुळे विचारायला हवेत ते प्रश्न बाजूला राहतात.

आधी मुंबईपुरतं स्पष्ट करू. २०२२ मध्ये सुरू झालेल्या मेट्रो २ए आणि ७ वर, तसंच २०२४ मध्ये पहिला टप्पा खुला झालेल्या भुयारी मेट्रो ३ वर चालकाशिवाय धावू शकतील अशा गाड्या आहेत. तरी या सेवा सुरू झाल्या त्या केबिनमध्ये पायलट, म्हणजे मेट्रोचा चालक, ठेवूनच. स्वयंचलनाच्या श्रेणी असतात. दुसऱ्या श्रेणीत गाडी पळवण्याचं आणि थांबवण्याचं काम यंत्रणा करते. पायलट दारं बंद करून निघण्याची आज्ञा देतो आणि समोर लक्ष ठेवतो. चौथ्या श्रेणीत गाडीत कर्मचारी नसला तरी चालतं. म्हणजे जिथे पायलट दिसतो तिथेही वेग बहुतेक वेळा त्याच्या हातात नसतो.

‘कुणाचंच नियंत्रण नाही’ हे म्हणूनच खरं नाही. सीबीटीसी नावाच्या सिग्नल यंत्रणेत तीन वेगळी कामं वेगळ्या भागांकडे असतात. एक भाग गाडी चालवतो (एटीओ). दुसरा वेळापत्रक आणि मार्ग सांभाळतो (एटीएस). तिसरा, सर्वांत महत्त्वाचा, फक्त राखण करतो (एटीपी): गाडी कुठे आहे, पुढे किती अंतर मोकळं आहे, त्या अंतरात थांबता येईल असाच वेग आहे का, एवढंच तो सतत तपासतो. पहिल्या भागाने चूक केली तरी तिसरा ब्रेक लावतो. राखणीचा संगणक एकटाही नसतो. दोन किंवा तीन संगणक तोच हिशेब करतात आणि उत्तरं जुळली नाहीत तर गाडी पुढे सोडत नाहीत.

‘हँग झाला तर’ याचं उत्तर ब्रेकच्या रचनेतच आहे. मेट्रोचा आपत्कालीन ब्रेक विजेचा प्रवाह सुरू असेपर्यंत मोकळा राहतो. तार तुटली, संगणक गप्प झाला, रेडिओ संपर्क ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त तुटला, तर प्रवाह थांबतो आणि ब्रेक आपोआप लागतो. त्यामुळे बिघाडाचा नेहमीचा परिणाम म्हणजे गाडी मध्येच अडकणं. मार्गावरची वीज गेली तरी डब्यातले दिवे, घोषणा आणि वायुवीजन काही काळ बॅटरीवर चालतं. अडकून पडणं त्रासाचं असतं, पण ते सुसाट सुटणं नव्हे.

‘रुळावर कुणी पडलं तर माणूस ब्रेक मारेल, यंत्र नाही.’ हा मुद्दा आकड्यांनी तपासू. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. आपत्कालीन ब्रेकने वेग दर सेकंदाला १.३ मीटर प्रति सेकंद इतका घटतो असं धरलं, तर थांबायला सुमारे १९० मीटर लागतात. माणसाला दिसून हात हलेपर्यंत एक सेकंद गेला तर त्यात २२ मीटरची भर. वळणावर किंवा बोगद्यात तेवढं पुढचं दिसतच नाही. फलाटावर शिरताना ताशी ६० चा वेग असेल तरी शंभर मीटरहून जास्त अंतर लागतं. अचानक पुढ्यात आलेल्या माणसासाठी सगळ्यात दक्ष मोटरमनही अनेकदा काही करू शकत नाही, हे लोकल चालवणारे जाणतात. म्हणूनच खरा उपाय म्हणजे माणूस रुळावर पोचूच नये: फलाटाच्या कडेला काचेची दारं, जी गाडी नेमक्या जागी थांबल्यावरच उघडतात. मेट्रो ३ वर ती पूर्ण उंचीची आहेत. जर्मनीतल्या नुरेंबर्गने काचेच्या दारांऐवजी फलाटालगतच्या रुळांवर रडारची नजर ठेवली आहे.

पावसाचा मुद्दा अर्धा खरा आहे, पण कारण चुकीचं दिलं जातं. कॅमेरे आणि लेझर सेन्सरने रस्ता ‘पाहणं’ ही चालकविरहित मोटारीची गरज. सीबीटीसीवरची मेट्रो स्वतःची जागा ओळखते ती रुळांमध्ये बसवलेल्या खुणांवरून आणि चाकाच्या फेऱ्या मोजून, त्यामुळे धुक्याचा किंवा सरींचा तिच्या नजरेशी संबंध नाही. खरी अडचण ओल्या रुळावर घसरणाऱ्या चाकांची. चाक घसरलं की फेऱ्यांचा हिशेब चुकतो, गाडी दारांच्या रेषेपुढे जाऊन थांबते आणि फलाटाची दारं उघडत नाहीत. म्हणून उन्नत मार्गांवर पावसात ब्रेक लवकर आणि हलका लावण्याची तजवीज करावी लागते, मग वेळापत्रक थोडं मागे पडतं.

अमेरिकेच्या उदाहरणात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जनरल मोटर्सच्या क्रूझ कंपनीच्या चालकविरहित टॅक्सीने एका पादचारी महिलेला फरफटत नेलं. कॅलिफोर्नियाने परवाना स्थगित केला आणि पुढच्या वर्षअखेरीस जनरल मोटर्सने तो टॅक्सी उद्योगच सोडला. मोकळ्या रस्त्यावरच्या मोटारीबद्दल साशंक राहणं अगदी योग्य आहे. पण मेट्रोचा मार्ग बंदिस्त असतो. त्यावर रिक्षा, गाय, उलट दिशेने येणारा दुचाकीस्वार नसतो. फ्रान्समधल्या लिल शहरात १९८३ पासून आणि व्हँकुव्हरमध्ये १९८५ पासून अशा गाड्या धावत आहेत. पॅरिसने २०१२ पर्यंत आपली सर्वांत जुनी मार्गिकाही चालकविरहित केली. दुबईत राहणारी मराठी माणसं २००९ पासून याच पद्धतीच्या मेट्रोतून जातात.

आता दिल्ली. १९ डिसेंबर २०१७ ला कालिंदी कुंज डेपोत मॅजेंटा मार्गाची रिकामी गाडी भिंत फोडून बाहेर आली. तिचा फिरणारा फोटो खरा आहे, पण त्याखालची ‘चालकविरहित मेट्रोचा अपघात’ ही ओळ दिशाभूल करते. गाडी डेपोत होती, तिथे सीबीटीसीची राखण लागू नव्हती आणि दिल्ली मेट्रोने दोष मानवी निष्काळजीपणाला दिला: देखभालीनंतर ब्रेक नीट तपासले गेले नव्हते. चालकाशिवायची सेवा त्या मार्गावर तीन वर्षांनी, २८ डिसेंबर २०२० ला सुरू झाली.

हीच घटना नीट वाचली तर खरी काळजी कुठे करायची ते कळतं. स्वयंचलित गाड्यांचे मोठे अपघात पाहिले की देखभाल आणि हाताने चालवण्याची वेळ, या दोन गोष्टी वारंवार पुढे येतात. क्वालालंपूरमध्ये २४ मे २०२१ ला २१३ प्रवाशांना घेऊन जाणारी स्वयंचलित गाडी एका रिकाम्या गाडीला समोरासमोर धडकली. बिघाडामुळे ती रिकामी गाडी माणूस हाताने चालवत होता, आणि तो चुकीच्या दिशेने निघाला होता. योकोहामात १ जून २०१९ ला गाडी शेवटच्या स्थानकावरून उलटी सुटून अडथळ्यावर आदळली आणि डझनाहून जास्त प्रवासी जखमी झाले. दिशा सांगणारी तार घासून तुटली होती. तार तुटल्यावर चाकं फिरवणाऱ्या मोटरींनी आधीचीच दिशा धरून ठेवली, आणि हे ओळखून ब्रेक लावण्याची सोय रचनेत नव्हती. वरच्या सगळ्या खुलाशांना हा महत्त्वाचा अपवाद आहे: जो बिघाड रचनाकाराने गृहीत धरला नाही, त्यापुढे ‘आपोआप ब्रेक’ चालत नाही.

चालक असता तर? वॉशिंग्टनमध्ये २२ जून २००९ ला उभी असलेली गाडी, रुळावर गाडी आहे का हे ओळखणाऱ्या सर्किटला ‘दिसली’ नाही आणि मागची स्वयंचलित गाडी तिच्यावर आदळली. केबिनमधल्या चालक महिलेने आपत्कालीन ब्रेक लावला, पण उशीर झाला होता. तिच्यासह ९ जण गेले. २०१५ मध्ये चर्चगेटला लोकल बफर तोडून फलाटावर चढली, तेव्हाही केबिनमध्ये मोटरमन होताच.

दारांचा मुद्दा फिरत्या मजकुरात नसतो, तो असायला हवा होता. दार बंद होताना हात किंवा पिशवी सापडली तर ते पुन्हा उघडतं, पण साडीचा पदर, बॅगेचा पट्टा अशी पातळ वस्तू सेन्सरला जाणवेलच असं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या इंद्रलोक स्थानकावर कपडा दारात अडकून फरफटत गेलेल्या महिलेचा मृत्यू झाला. ती गाडी चालक असलेली होती. चौथ्या श्रेणीत तर निघण्यापूर्वी फलाटाकडे बघणारी शेवटची नजरही जाते. म्हणून विचारायचं ते हे: काचेचं दार आणि डबा यांच्यामधल्या फटीत माणूस किंवा कापड आहे का, हे कोणतं यंत्र तपासतं? ते बंद पडलं तर गाडी निघते की थांबते? राखण बंद करून गाडी हाताने न्यायची वेळ आली तर परवानगी कोण देतं आणि वेगमर्यादा किती?

आणखी एक: गाडी दोन स्थानकांमध्ये अडकली तर कर्मचारी किती मिनिटांत पोचतो? तोवर प्रवाशांनी दार जबरदस्तीने उघडून खाली उतरू नये. रुळांवर वीज असू शकते आणि शेजारच्या मार्गावरून गाडी येऊ शकते. दाराजवळच्या आपत्कालीन बटणाने थेट नियंत्रण कक्षाशी बोलता येतं. डब्याचा क्रमांक सांगा आणि सूचना मिळेपर्यंत आतच थांबा.