टोपीतल्या जीपीएस चिपने खाणीत अडकलेला माणूस सापडत नाही

आमच्या डिचोलीच्या शाळेच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तोच मेसेज परत आला. उत्तराखंडात सिलक्याराचा बोगदा कोसळला त्या वेळी फिरत होता, मग २०२५ च्या फेब्रुवारीत तेलंगणात एसएलबीसी कालव्याच्या बोगद्यात आठ जण अडकले तेव्हा फिरला, आता परत. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: चंद्रावरून फोटो येतात पण जमिनीखाली दोनशे मीटरवर अडकलेल्या कामगाराशी बोलता येत नाही, हे कसं? टोपीत पाचशे रुपयांची जीपीएस चिप बसवा, प्रत्येक माणूस मोबाइलवर दिसेल. चिलीत ३३ जण असेच शोधले. कंपन्या मुद्दाम बसवत नाहीत. आणि खाली आपल्यातल्याच एकाने जोडलंय, गोव्यात सगळ्या उघड्या, म्हणजे वरून खणलेल्या खाणी, आम्हाला काय त्याचं.

मी गोव्यातल्या साखळीचा. अकरा वर्षं राजस्थानात जमिनीखालच्या धातूच्या खाणीत कम्युनिकेशनच्या मेन्टेनन्सला होतो, केबल, रेडिओ, टॅगचे रीडर बघणं हेच काम. मेसेज पाठवणाऱ्यांची कळकळ खरी आहे हे मला माहीत आहे, म्हणूनच गप्प बसवत नाही, कारण चुकीची मागणी केली की समोरच्याला सुटायला वाट मिळते.

पहिलं जीपीएस. आपल्याकडे लोकांचा यावर पटकन विश्वास का बसतो तेही कळतं, खनिज वाहणाऱ्या ट्रकांना जीपीएस असतं, ट्रक कुठे थांबला ते ऑफिसात बसून दिसतं, मग माणूस का नाही दिसणार. पण ट्रक उघड्यावर असतो हो. जीपीएसचे उपग्रह साधारण वीस हजार किलोमीटरवर आहेत, तिथून येणारा सिग्नल इतका अशक्त असतो की घरात स्लॅबखाली आलं तरी तो डगमगतो. मांडवी एक्सप्रेसने जाताना पेडण्याच्या बोगद्यात शिरल्यावर मॅपवरचा निळा ठिपका बघा, तिथेच अडकतो नाहीतर भलतीकडे उडी मारतो, आणि वर डोंगर तो केवढासा. तीनशे-चारशे मीटर खडकाखाली तो सिग्नल पोचतच नाही, थोडा पोचतो असंही नाही. पाचशेची काय, पाच लाखांची चिप लावा.

आणि चंद्राचं म्हणाल तर चंद्र आणि आपल्या मधे मोकळी जागा आहे, अडवायला काही नाही. खडक, त्यातही ओला खडक, रेडिओ लहरी गिळतो. फ्रिक्वेन्सी जितकी जास्त तितकी लवकर गिळतो, म्हणून मोबाइल, वायफाय, वॉकीटॉकी खाली समोरासमोर चालतात आणि एक वळण घेतलं की मेले. खडकातून आरपार जातात त्या फक्त फार खालच्या फ्रिक्वेन्सीच्या लहरी, काही हजार हर्ट्झ किंवा त्याहून कमी. अशा यंत्रणा आहेत, वर जमिनीवर केबलचा मोठा वेढा अंथरून त्यातून सिग्नल खाली सोडतात. पण त्यातून माहिती जाते ती थेंबाथेंबाने, चार शब्दांचा मेसेज जातो, बोलणं कसंबसं आणि तेही खोली नि खडक बघून. ऑस्ट्रेलियात निघालेली पेड नावाची यंत्रणा अशीच, खालच्या माणसाच्या कॅप लॅम्पवर, म्हणजे टोपीवरच्या दिव्यावर, वरून मेसेज येतो, दिवा लुकलुकतो, पण तो उलट काही सांगू शकत नाही. तरी मी म्हणेन की आग लागली, अमुक वाटेने बाहेर या, एवढं जरी वेळेवर पोचलं तरी माणसं वाचतात.

मग रोज खाली बोलतात कसं? लीकी फीडर. दिसायला जाड काळी केबल, गॅलरीच्या, म्हणजे खाणीतल्या वाटेच्या, छताला हुकावर टांगलेली, कापून बघितली तर आत तांब्याचं वेष्टण असतं आणि त्याला मुद्दाम ठेवलेल्या फटी. त्या फटींतून सिग्नल बाहेर झिरपत राहतो, म्हणजे पूर्ण केबलच एक लांबलचक अँटेना. ठरावीक अंतरावर अँप्लिफायर लावावे लागतात. केबलच्या जवळपास असाल तर रेडिओ झकास, आडवाटेला शिरलात की खरखर. आणि ती तुटली की तुटल्या जागेच्या पुढे सगळं मुकं, जर दुसऱ्या बाजूने वळसा घालून केबल जोडलेली नसेल तर. छत कोसळलं, स्फोट झाला तर सगळ्यात आधी काय तुटणार? तीच.

टॅगचंही तसंच. टोपीत किंवा कॅप लॅम्पमधे टॅग असतो, तो फक्त आपला नंबर ओरडत असतो, नाक्यानाक्यावर रीडर असतो तो ऐकतो आणि केबलने वर कळवतो. वर स्क्रीनवर जे दिसतं ते ‘हा माणूस शेवटचा कुठल्या रीडरपाशी होता’. तो आत्ता कुठे आहे ते नाही. दोन रीडरमधे पाचशे मीटर असले तर तेवढ्यात तो कुठेही असेल. पण ही शेवटची जागाही सोन्यासारखी असते बरं, ड्रिल कुठे मारायचं ते त्यावरून ठरतं.

चिलीबद्दल जे लिहिलंय ते तर साफ उलटं आहे. ५ ऑगस्ट २०१० ला सान होसे खाण कोसळली, ३३ जण साधारण सातशे मीटर खाली. त्यांना कुठल्याही चिपने शोधलं नाही. वरून भोकं पाडत गेले, खाणीचे नकाशेच धड नव्हते म्हणून आधीची भोकं चुकली, आणि सतराव्या दिवशी एक ड्रिल आश्रयाच्या जागेजवळ निघालं. खालच्यांनी त्या ड्रिलवर हातोडे मारले, टोकाला कागद बांधला, वर ओढल्यावर त्यावर लाल अक्षरात लिहिलेलं की आम्ही तेहेतीसही जण ठीक आहोत. सतरा दिवस ते जिवंत आहेत की नाही हेच जगाला माहीत नव्हतं! सिलक्यारातही १२ नोव्हेंबर २०२३ ला ४१ जण अडकले तेव्हा जो आधार झाला तो आधीपासून आत गेलेल्या चार इंची पाइपचा, त्यातून हवा गेली, खाणं गेलं, बोलणं झालं. सहा इंची पाइप आत पोचल्यावर त्यातून कॅमेरा घातला, तेव्हा दहाव्या दिवशी त्यांचे चेहरे दिसले. पाइप. हे मी मुद्दाम परत लिहितोय कारण आपण मोबाइलवर बसून चिप मागतो आणि तिथे खरा जीव पाइपाने वाचवलेला असतो.

आता ‘कंपन्या मुद्दाम बसवत नाहीत’. इथे मेसेज अर्धा बरोबर आहे आणि या अर्ध्यासाठीच मी एवढं टाइप करत बसलोय.

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात सागो नावाची कोळसा खाण, २ जानेवारी २००६ ला स्फोट. तेरा जण आत. फोनची लाइन गेली. एक जण स्फोटात गेला, बाकीचे बारा विषारी वायूपासून वाचायला पडदा लावून आत बसून राहिले, छताच्या बोल्टवर घणाने ठोकत राहिले, वरून काहीच उत्तर आलं नाही. त्यांच्यापर्यंत पोचायला चाळीस तासांच्या वर गेले, तोवर एकच जिवंत उरला होता. त्याच वर्षी तिथे कायदा झाला की तीन वर्षांत प्रत्येक भूमिगत कोळसा खाणीत दोन्ही बाजूंनी बोलता येणारी वायरलेस यंत्रणा आणि ट्रॅकिंग हवं. आणि मग त्यांच्याच लक्षात आलं की पूर्ण बिनतारी अशी यंत्रणा त्या मुदतीत खाली शक्य नाही, म्हणून मधे केबल असलेली यंत्रणा चालवून घेतली, पण अटी घातल्या, की वीज गेल्यावरही ती चोवीस तास चालली पाहिजे, आणि एका जागी तुटली तर सगळीच बंद पडता कामा नये. म्हणजे पैसे टाकायचे ते इथे, बॅटरीत, दुसऱ्या वाटेने नेलेल्या केबलमधे, दगडाआड सुरक्षित ठेवलेल्या रीडरमधे. पाचशेत नाही होत ते. कोळसा खाणीत तर साधी चिप नेताही येत नाही, हवेत मिथेन पाच ते पंधरा टक्के झाला की एक ठिणगी पुरते, म्हणून खाली जाणारं प्रत्येक उपकरण ठिणगी पडणार नाही असं बनवलेलं आणि आपल्याकडे धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाने मान्य केलेलं लागतं.

आणि बसवून भागत नाही. मी ज्या खाणीत होतो तिथे एका लेव्हलवर लोडरच्या बकेटने केबल ओढली गेली, पुढचा सगळा भाग मुका झाला. मी त्याच शिफ्टला रजिस्टरमधे लिहिलं. अकरा दिवस! अकरा दिवस तिथे माणसं खाली उतरत होती आणि वर कंट्रोल रूममधे स्क्रीनवर सगळे टॅग हिरवे दिसत होते, कारण सॉफ्टवेअर शेवटची नोंद तशीच धरून ठेवत होतं. तपासणीला आलेल्या माणसाने स्क्रीन बघितली, छान म्हणाला आणि गेला. मी तेव्हा बोललो, पण हवं तेवढ्या जोरात बोललो नाही, ते अजून टोचतं.

उलट जुनी पद्धत बघा. लॅम्परूमच्या खिडकीशी नंबर कोरलेला पितळी बिल्ला द्यायचा, दिवा घ्यायचा, वर आल्यावर दिवा देऊन बिल्ला परत. फळीवर बिल्ला लटकतोय म्हणजे माणूस खाली आहे. १९५२ च्या खाण कायद्यातही हेच होतं, की या घडीला जमिनीखाली कोण कोण आहे ते नावानिशी रजिस्टरवरून कळलं पाहिजे. ते नीट पाळलं नाही की काय होतं ते न्यूझीलंडच्या पाइक रिव्हर खाणीत २०१० च्या नोव्हेंबरात दिसलं, २९ माणसं गेली, आणि सुरुवातीला आत नेमके किती हेच ठरत नव्हतं.

शेवटचं, ‘गोव्यात उघड्या खाणी, आम्हाला काय’. खाणी उघड्या आहेत, मान्य. पण २०१८ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या, त्यानंतर आपल्या सत्तरी-डिचोली-सांग्यातली मशिनवाली पोरं बाहेरच्या खाणी-बोगद्यांत कुठे कुठे गेली ते ग्रुपवर विचारून बघा. आणि बोगदे आपल्याही घरात आहेत, पेडण्याच्या बोगद्याची भिंत ऑगस्ट २०२० मधे पडली, जुलै २०२४ मधे आत पाणी आलं नि गाड्या बंद पडल्या, तिथे दुरुस्तीला आत जाणारी माणसंच असतात ना.

माझा भाचा पाळ्याचा, इथे एक्स्कॅव्हेटर चालवायचा, आता हिमाचलात एका बोगद्याच्या कामावर आहे. जाताना मी त्याला सांगितलं, पहिल्याच दिवशी तीन गोष्टी विचार. फेसजवळ, म्हणजे खोदकाम चालू असतं त्या टोकाशी, फोन आहे का आणि तो उचलतं कोण, केबल तुटली तर दुसरा मार्ग कुठला, आणि शेवटची चाचणी कधी झाली. त्याने नुसतं विचारलं नाही, फोन उचलून बघितला. वाजला. गेटवरच्या केबिनमधे वाजत होता आणि रात्री तिथे कोणी बसत नाही. त्याने आणि अजून दोघांनी सुपरवायझरला लिहून दिलं, आता लाइन कंट्रोल रूमला जोडलीय म्हणतात. आज त्याची रात्रपाळी आहे, मी त्याला म्हटलंय, कामाला हात लावायच्या आधी परत एकदा वाजवून बघ आणि पलीकडून कोण बोललं त्याचं नाव मला कळव.